जीवाणूंकडून लस घडविण्याची विद्या
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनाच्या या मंगल प्रसंगी आपल्यापुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा वेळी पूर्वजांचे स्मरण, ज्ञातीचा इतिहास किंवा शिक्षणप्रसार यांपैकी एखादा विषय घेण्याचा प्रघात आहे. तो बाजूस ठेवून आम्ही रोगप्रतिबंधक लशीचा विषय निवडला, यास कारण आहे. लस टोचून घेण्याची वेळ आली की आपल्या घराघरांतून एक शंका हटकून निघते, ती अशी की, "ही लस म्हणे जंतूंपासून करतात, मग ती धडधाकट देहात घालून घ्यावी कशाला?" ही शंका विचारणारे लोक अज्ञ नसतात. मुलाबाळांच्या काळजीपोटीच ते विचारीत असतात. अशा शंकेचे निरसन रागावून होत नाही. वस्तुस्थिती उलगडून दाखविल्यानेच होते. तेवढेच कार्य आज आम्ही आरंभिले आहे.

लशीची जुनी रीत कोणती, ते प्रथम पाहू. मुंबईस १८९६ साली प्लेगचा प्रादुर्भाव झाला, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. त्या वेळी वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईतच प्लेगचे जंतू मांसरसात वाढविले. त्या रसावर ते तुपाचे थेंब सोडीत, म्हणजे त्यांच्या आश्रयाने जंतूंची वाढ भरघोस होई. नंतर ते जंतू उष्णतेने मारून त्यांची लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव चालवीत आहे. रोगाचा जंतू वाढवावा, तो मारावा अथवा दुबळा करावा, आणि देहास त्याची ओळख करून द्यावी, ही ती जुनी रीत होय. या रीतीने मानवजातीवर अगणित उपकार केलेले आहेत.

परंतु या रीतीस दोन अडचणी आहेत. जंतू पुरता मेला नाही तर लसच घात करते, ही पहिली. अमेरिकेत १९५५ साली पोलिओच्या लशीच्या काही घाण्यांत जिवंत विषाणू शिल्लक राहिला आणि सुमारे दोनशे जणांस पक्षाघात झाला. दहा जण दगावले. दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. प्रयोगशाळेत जो विषाणू वाढतच नाही, त्याची लस करावी कशी? आमच्या आजच्या कथेचा आरंभ या दुसऱ्या अडचणीपासून होतो, आणि ती कथा आपल्याच देशातील आहे.

त्याच १९५५ सालच्या अखेरीस दिल्ली शहरात काविळीची प्रचंड साथ उद्भवली. पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबाद येथे, जेथून शहरासाठी पाणी उचलले जाई, तेथवर येऊन पोहोचले. पाणी बिघडल्याचे जलशुद्धीकरण केंद्रातील लोकांच्या ध्यानात आले. त्यांनी तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविली. त्यामुळे विषमज्वर आणि हगवण यांची लाट आली नाही. पाण्यातील जीवाणू मेले. परंतु त्या मात्रेला एक विषाणू पुरून उरला. काही आठवड्यांनी शहरात सुमारे २९,३०० माणसे काविळीने पिवळी पडली. या साथीत गरोदर स्त्रियांवर रोगाचा घाला विशेष जबर होता.

ही कावीळ पूर्वीच ठाऊक असलेली 'अ' प्रकारची असावी, असा समज पुढे पुष्कळ वर्षे होता. दिल्लीच्या साथीत घेऊन जपून ठेवलेले रक्ताचे नमुने कालांतराने नव्या कसोट्यांनी तपासण्यात आले, तेव्हा १९८० साली हा समज खोटा ठरला. या कामात अमेरिकन शास्त्रज्ञांच्या बरोबरीने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा आणि डॉ. खोर्शेद पावरी यांचा वाटा होता, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. त्याच सुमारास डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातील १९७८-७९ च्या साथीवरून हाच निष्कर्ष काढला. पुढे १९८३ साली रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या मलाचा अर्क स्वतः प्राशन केला, कावीळ ओढवून घेतली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या विषाणूचे कण दाखविले. १९९० साली त्याचे जनुकीय द्रव्य हाती लागले. त्यास आज हिपॅटायटिस 'ई' म्हणतात.

हा रोग दिल्लीपुरता नाही. १९८१ साली तो कोल्हापुरास आला. १९९१ साली कानपुरात सुमारे ७९,००० जण आजारी पडले. २०१२ साली इचलकरंजीने त्याचा कहर सोसला. सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची नळी जेथे एकमेकींस भेटते, तेथे हा रोग दारात उभा असतो. धडधाकट माणूस बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. मात्र गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा रोग झाल्यास शंभरांतील वीस ते पंचवीस स्त्रियांपर्यंत मृत्यूचे प्रमाण जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भगिनींनो, आपल्याकडे पहिलटकरीण लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. म्हणजे जो काळ आपण तिच्या कोडकौतुकाचा मानतो, तोच या रोगाच्या दृष्टीने सर्वांत घातक काळ होय. हा विषय आम्ही ज्ञातीच्या संमेलनात का आणला, ते यावरून ध्यानात यावे.

आता प्रश्न असा की, प्रयोगशाळेत धडपणे न वाढणाऱ्या या विषाणूची लस व्हावी कशी?

विषाणू हा नारळासारखा समजावा. आत अंकुरण्याची शक्ती असलेला गर, आणि बाहेर करवंटी. विषाणूच्या आतील जनुकीय द्रव्यात त्याची संतती निर्माण करण्याचा सारा मजकूर असतो. बाहेरचे कवच प्रथिनांचे असते. आपला देह विषाणूस ओळखतो तो या कवचावरून. तेव्हा गर वगळून केवळ करवंटीचा तुकडा देहास दाखविला, तर ओळख पटेल, आणि रोग होणे मात्र अशक्य राहील. कारण करवंटीतून नारळाचे झाड उगवत नाही. विषाणू वाढवू नये, त्याचे एक प्रथिन तेवढे करवून घ्यावे, हा नव्या विद्येचा गाभा होय.

हे प्रथिन करणार कोण? त्यासाठी जो कामगार निवडला, त्याचे नाव ऐकून काहींच्या कपाळास आठी पडेल. तो म्हणजे आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू. १८८५ साली थिओडोर एशरिश या वैद्याने तान्ह्या मुलांच्या मलात तो प्रथम पाहिला. त्याच्या काही जाती रोगकारक आहेत. परंतु प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेल्या जाती निरुपद्रवी आहेत. त्याचा गुण असा की, ऊब आणि अन्न मिळाले की तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका जीवाणूपासून आठ तासांत दीड कोटीहून अधिक जीवाणू होतात. रात्री दुधास विरजण लावावे आणि सकाळी भांडेभर दही व्हावे, हे आपल्या स्वयंपाकघरात नित्य घडते. तेही असेच जीवाणूंचेच काम आहे.

विरजणातील जीवाणू आपल्या स्वभावाप्रमाणे वागतात. येथे मात्र जीवाणूस नवे काम शिकवावे लागते. ही युक्ती १९७३ साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी सिद्ध केली. जीवाणूच्या पेशीत त्याच्या मुख्य जनुकीय द्रव्याखेरीज प्लास्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असते. ती बाहेर काढावी. विशिष्ट ठिकाणीच कातरणाऱ्या एन्झाइमने ती उघडावी. हव्या त्या प्रथिनाचा मजकूर असलेला डीएनएचा तुकडा तेथे बसवावा. दुसऱ्या एन्झाइमने सांधा जोडावा. आणि ती कडी पुन्हा जीवाणूत सोडावी. हिपॅटायटिस ई विषाणूचा मजकूर डीएनएत नसून आरएनएत असतो, म्हणून त्याची आधी डीएनएत नक्कल करून घ्यावी लागते. जीवाणू तो मजकूर स्वतःचाच समजून वाचतो आणि त्याबरहुकूम प्रथिन बनवितो. आपण काय बनवीत आहोत, याची त्यास वार्ताही नसते.

या मजकुराच्या आरंभी एक कळ ठेवलेली असते. जीवाणूंची वाढ पुरेशी होईपर्यंत ती बंद राहते; कारण आरंभापासूनच परके प्रथिन करण्यास लाविले तर जीवाणूंची वाढ खुंटते. मोठ्या पोलादी पात्रात, तापमान आणि हवा यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून, जीवाणू वाढविले जातात. मग एक द्रव्य घालून ती कळ उघडतात, आणि काही तासांत प्रत्येक पेशी त्या प्रथिनाने भरून जाते.

येथपर्यंतचे काम सोपे वाटले, तरी खरी कसोटी पुढेच आहे. घाईने झालेले प्रथिन पेशीत गुठळ्या होऊन बसते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती योग्य रीतीने दुमडली तरच तिला आकार येतो आणि त्या आकारावरूनच देहास ओळख पटते. लुगडे नऊ वार लांब असले तरी निऱ्या नीट पडल्यावाचून ते नेसता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून पेशी फोडून त्या गुठळ्या वेगळ्या करतात, युरियाच्या तीव्र द्रावणात विरघळवितात, आणि मग तो युरिया हळूहळू काढून घेतात, जेणेकरून साखळीस आपली घडी सापडावी. त्यानंतर गाळण्याचे संस्कार एकामागून एक होतात. जीवाणूची इतर प्रथिने, त्याचा डीएनए, आणि विशेषतः त्याच्या बाह्य आवरणातील ज्वर आणणारे विषद्रव्य, ही सारी दूर करावी लागतात. प्रत्येक घाण्याची तपासणी होते, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे अशुद्धी आढळली तर तो घाणा टाकून देतात.

हिपॅटायटिस ई च्या बाबतीत हे कार्य चीनमधील श्यामेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तडीस नेले. विषाणूच्या कवचाचे प्रथिन ६६० अमिनो आम्लांचे आहे. त्यातील ३९४ ते ६०६ या क्रमांकांचा तुकडा त्यांनी प्रथम जीवाणूकडून करवून घेतला. तो देहास ओळखू येई, पण त्याचा प्रभाव बेताचाच होता. मग त्यांनी त्या तुकड्याच्या आरंभी आणखी २६ अमिनो आम्ले जोडून ३६८ पासूनचा तुकडा घेतला. या २३९ अमिनो आम्लांच्या तुकड्याने नवल केले. सुटे सुटे असलेले रेणू आपण होऊन एकत्र आले आणि विषाणूसारखे दिसणारे सूक्ष्म कण झाले. द्रव्य जवळजवळ तेच, परंतु संघटित होताच त्याची शक्ती कित्येक पटींनी वाढली. एकेकट्याचे बळ किती आणि संघाचे किती, हे ज्ञातिमंडळाच्या सभासदांस आम्ही वेगळे सांगावयास नको!

या लशीची परीक्षा कशी झाली, तेही ऐकण्याजोगे आहे. चीनच्या ज्यांग्सू प्रांतात २००७ साली सुरू झालेल्या चाचणीत १,१२,६०४ स्त्री-पुरुषांनी भाग घेतला. निम्म्यांस ही लस आणि निम्म्यांस तुलनेसाठी दुसरीच लस, अशा तीन मात्रा सहा महिन्यांत दिल्या. तिसऱ्या मात्रेनंतरच्या वर्षात दुसऱ्या गटात १५ जणांस हा रोग झाला. लस घेतलेल्यांत एकासही झाला नाही. साडेचार वर्षांपर्यंत लक्ष ठेवले, तेव्हा एका बाजूस ५३ आणि दुसऱ्या बाजूस ७ रुग्ण, असा हिशोब निघाला. चीन सरकारने डिसेंबर २०११ मध्ये या लशीस परवाना दिला.

जीवाणूकडून सगळेच साधते, असे मात्र कोणी समजू नये. १९८१ साली गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूचे एक प्रथिन ई. कोलायकडून करवून घेऊन गुरांस टोचण्यात आले व त्यापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. तरीही गोठ्यात आजवर जी लस पोहोचली, ती जुन्या रीतीचीच. हिपॅटायटिस 'बी' च्या कवचाचे प्रथिन ई. कोलायमध्ये नीट साधेना. तेव्हा शास्त्रज्ञ पाव फुगविणाऱ्या यीस्टकडे वळले. १९८६ साली अमेरिकेत त्या लशीस परवाना मिळाला. त्यापूर्वी ही लस रोगवाहक माणसांच्या रक्तापासून करावी लागे. आपल्या देशात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली यीस्टपासूनच ही लस सिद्ध केली, आणि २०२२ साली परवाना मिळालेली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसही याच कुळातील आहे. ज्या कामास जो कामगार लायक, त्यास ते द्यावे, हाच येथील न्याय.

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. आपली परंपरा शुद्धतेस फार जपते. पाणी गाळून घ्यावे, स्वयंपाकघरात पादत्राणे आणू नयेत, आजाऱ्याचे भांडे वेगळे ठेवावे, हे आपणांस आजीने शिकविले. ती शिकवण टाकाऊ नाही. परंतु शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हे वस्तूच्या उगमावरून ठरवावयाचे की तिच्यावर झालेल्या संस्कारांवरून? कमळ चिखलात उगवते म्हणून कोणी देवास वाहण्याचे सोडले नाही. मधुमेहाचे इन्सुलिन पूर्वी गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ साली मानवी इन्सुलिन ई. कोलायकडून करवून घेण्यात आले, १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. आणि आज आपल्या कित्येक घरांत जी इन्सुलिनची कुपी असते, ती जीवाणू अथवा यीस्ट यांच्याच कष्टाची आहे. तिला आपण ओवळी म्हणत नाही. मग त्याच विद्येने सिद्ध झालेल्या लशीनेच काय पाप केले? लशीच्या कुपीत जिवंत जीवाणू नसतो, विषाणूही नसतो. असते ते गाळून, तपासून घेतलेले एक प्रथिन. जे खरोखर अशुद्ध आहे, ते आपल्या नळास फुटक्या जोडावाटे येऊन मिळणारे सांडपाणी होय. आणि ते दिसावयास पुष्कळदा अगदी नितळ असते.

तथापि लस झाली म्हणजे सर्व झाले, असे आम्ही म्हणणार नाही. नेपाळमध्ये सुमारे दोन हजार सैनिकांवर याच रोगाच्या आणखी एका लशीची चाचणी झाली होती. तिचे उत्तम निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. परंतु ती लस बाजारात कधीच आली नाही. जो रोग मुख्यत्वे गरिबांच्या वस्तीत होतो, त्याच्या लशीस गिऱ्हाईक मिळत नाही, हे कटु सत्य आहे. चीनमधील लशीस २०११ साली परवाना मिळाला. साथ आवरण्यासाठी तिचा पहिला उपयोग झाला तो २०२२ साली, दक्षिण सूदानमधील बेंटिऊ येथील विस्थापितांच्या छावणीत. तेथे गरोदर स्त्रियांनाही ती देण्यात आली. मध्यंतरीच्या अकरा वर्षांत ठिकठिकाणी किती माता या रोगाने गेल्या असतील! गरोदरपणी ही लस देण्याविषयीचा अभ्यास शास्त्रज्ञांनी पुढे चालविला आहे; तो निर्णय त्यांनीच पुराव्यावरून करावा, ऐकीव गोष्टींवरून आपण करू नये.

मग आपल्या हाती काय आहे? आमच्या मते तीन गोष्टी आहेत. पहिली अशी की, लेक बाळंतपणास माहेरी येण्यापूर्वी घराचे रंगकाम मागे राहिले तरी चालेल, पण पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहावी. गावात काविळीची कुणकुण असल्यास पाणी खळखळून उकळून घ्यावे, आणि कार्यप्रसंगीच्या पंगतीतही हाच दंडक ठेवावा. दुसरी अशी की, गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले, तर काविळीचे गावठी औषध देणाऱ्याच्या दारी दिवस न घालविता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. येथे दोन दिवसांचा विलंब दोन जीवांचे मोल मागतो.

तिसरी गोष्ट मंडळाने करावयाची आहे. आपल्या शिष्यवृत्त्या बहुधा वैद्यक आणि अभियांत्रिकी यांकडेच जातात. जीवाणू, विषाणू आणि प्रथिने यांच्या अभ्यासासाठी एक तरी शिष्यवृत्ती असावी, आणि ती मुलींस आवर्जून मिळावी, अशी आम्ही नम्र सूचना करतो. ज्या रोगाची पहिली मोठी साथ आपल्या राजधानीत झाली, ज्याची ओळख पटविण्यात पुण्याच्या संस्थेचा वाटा होता, त्या रोगाची लस परमुलुखात सिद्ध व्हावी, यात मत्सर करण्यासारखे काही नाही. त्या शास्त्रज्ञांचे आपण ऋणी आहोत. परंतु ऋण फेडण्याचीही एक रीत असते. पुढल्या रोगाची लस घडविणाऱ्यांत आपल्या घरच्या लेकीसुना असाव्यात, ही ती रीत होय.